खलनायकाच्या गाडीवरचं रेडियम

सिनेमा संपल्यावर पडद्यावर नावं सरकत जातात तेव्हा तुम्ही अंधारात चप्पल शोधत असता. माझ्या सिनेमाला तसं करायचं नाही, असं मी अख्ख्या सिंदेवाहीला बजावून ठेवलं होतं. कारण त्या नावांत माझं नाव येणार होतं. गाडी बनवणारा: इस्तारी!

मुंबईची मोठी कंपनी आमच्या जंगलात मारामारीचा सिनेमा काढायला आली होती. खलनायकाला बाजारात मिळत नाही अशी गाडी हवी होती. मी ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवणारा वेल्डर. त्यांना एकसारख्या दोन गाड्या बनवून दिल्या. काळ्याकुट्ट, समोर रानगव्यासारखी शिंगं. एक पळवायची, दुसरी शेवटी नाल्यातून नेऊन खाणीत फोडायची.

पहिलीचं शूटिंग आटोपलं. दुसरी माझ्या दुकानात उभी होती आणि नेमकं तेव्हाच माझ्या बायकोच्या, गिरजाच्या भाच्याचं, भूपेशचं, लग्न आलं.

"दारात अशी गाडी असून भूपेश ऑटोत बसून जाईन का?" गिरजा म्हणाली.

"ते सिनेमाची गाडी हाय."

"मंग? सिनेमा का लग्नापेक्षा मोठा हाय?"

मी किल्ली काढून दिली. नवरदेव शिंगांच्या गाडीतून चिमूरला गेला. गाडीच्या पाठीवर लाल रेडियमची ठसठशीत अक्षरं: भूपेश संग भाग्यश्री. थोडं रेडियम उरलं तेव्हा गिरजा म्हणाली, "खाली तुमचंबी नाव टाका ना. गाडी तं तुमीच बनवली."

"माह्यं नाव पडद्यावर येनार हाय," मी छाती फुगवून म्हणालो. "रेडियमात नाई."

परत येताना रस्त्याच्या कामावरच्या चिखलात गाडीची पाठ पार लिंपून निघाली. अक्षरं काढायचं भूपेशने कबूल केलं होतं, पण तो नव्या नवरीपुढे सगळं विसरला. सकाळी मी उठायच्या आत कंपनीची माणसं गाडी घेऊन गेली. दिग्दर्शकाला तर तो चिखल फारच आवडला म्हणे.

कंपनीत करिश्मा नावाची मुलगी होती. मागचा शॉट पुढच्या शॉटशी जुळतो का, एवढंच बघायचं तिचं काम. तिने चिखलाचेसुद्धा फोटो काढून ठेवले.

मग तारेने ओढलेली रिकामी गाडी नाल्यात शिरली. पाणी उडालं. पलीकडे निघाली ती आंघोळ करूनच, आणि उन्हात लखलखलं: भूपेश संग भाग्यश्री! कोणी थांबवायच्या आत ती खाणीत पडून फुटलीही.

"इस्तारीभाऊ, हे काय आहे?" करिश्मा रडायच्या बेतात होती. "खलनायक नाल्यात शिरतो आणि लग्न करून बाहेर येतो?"

मला रागच आला. "अन् तुमच्या हिरोच्या डाव्या हाताची पट्टी जेवन झाल्यावर उजव्या हातावर गेली, तवा कोनी काऊन नाई बोललं? जखम का फिरायले गेली होती?"

करिश्माने घाईघाईने आधीचे फोटो उघडून पाहिले आणि तिचा चेहरा उतरला. दिग्दर्शकाने मात्र मलाच हाकललं. पट्टी त्यांची, चिखल रस्त्याचा, अक्षरं भूपेशची, आणि चालतं व्हायचं मी! खरं बोलणाऱ्याला या देशात जागा नाही.

सिनेमा लागला तेव्हा आमची अख्खी आळी चंद्रपूरला गेली. पडद्यावर गाडी नाल्यातून निघाली आणि भूपेशचं नाव हे एवढं मोठं! लोकांनी शिट्ट्या मारल्या. पुढच्या क्षणी पहिली, कोरी गाडी. त्याच्या पुढच्या क्षणी पुन्हा भूपेश. मागून कोणी ओरडलं, "वरात निंगाली रे!"

शेवटी नावं सुरू झाली. मी सगळ्यांना दटावून बसवलं. चहा देणाऱ्याचं नाव आलं. तंबू ठोकणाऱ्याचं आलं. दिवे लागले, झाडूवाला आमच्या पायांशी आला, तरी माझं नाव आलं नाही.

बाहेर लोक भूपेशसोबत फोटो काढत होते. ज्याला हातोडी कोणत्या टोकाने धरायची हेही कळत नाही, त्या भूपेशसोबत!

गिरजा माझ्याजवळ आली. हळूच म्हणाली, "ते उरलेलं रेडियम पेटीतच हाय. स्कूटरवर लावून देऊ का?"

मी तिला तिथंच झिडकारलं. पण कधी सिंदेवाहीला आलात तर माझी स्कूटर बघा. नाव लांबूनच वाचता येतं.