खुर्चीवरची फुली

"संध्याकाळी सातला दादाचा फोन येईल. बाबांना न्यायला येऊ की नको, असं विचारेल. काय सांगायचं ते तुम्ही सांगा," बायको चपला घालता घालता म्हणाली.

"मी कशाला? वडील तुझे, भाऊ तुझा."

"म्हणूनच. मी राहू दे म्हटलं तर तुम्ही जन्मभर ऐकवाल, आणि ने म्हटलं तर मलाच जन्मभर टोचत राहील. परवा तुम्ही म्हणालात राहू दे, काल म्हणालात जाऊ दे. आज काय ते एकच म्हणा."

एवढं बोलून ती दवाखान्यात निघून गेली. तिथे ती एक्स-रे काढायची, म्हणजे दिवसभर लोकांना 'श्वास रोखून धरा, हलू नका' असं बजावायची. घरी तिच्यासमोर नवऱ्याचंही साधारण तेच होत असे.

नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं. समोरच्याच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलत 'हे स्पष्ट दिसतंय, की हे?' असं विचारण्यात त्याची निम्मी हयात गेली होती. गिऱ्हाइकं पटकन उत्तर देत, आणि त्याला त्यांचा हेवा वाटे. कारण त्याला स्वतःला कुठल्याच बाबतीत हेही स्पष्ट दिसत नसे आणि तेही.

सासरे गुडघ्याच्या ऑपरेशननंतर पंधरा दिवसांसाठी म्हणून आले, त्याला आता सहा महिने होत आले होते. ते मोटारीच्या कारखान्यात शेवटच्या तपासणीला होते. गाडीत खोट दिसली की तिथे खडूने फुली मारायची आणि गाडी मागे पाठवायची. गाडी ठीक असेल तर बरोबरची खूण करायची आणि तिला जाऊ द्यायचं. नोकरी संपली, खडू खिशात राहिला. गळक्या नळावर फुली, घासणाऱ्या दारावर फुली, डुगडुगणाऱ्या खुर्चीवर फुली. एकदा तर जावयाच्या डब्यावरही फुली, कारण झाकण नीट बसत नव्हतं. बरोबरची खूण मात्र या घरात अजून कुणाच्या दृष्टीस पडली नव्हती.

या फुल्यांनी जावई मेटाकुटीला आला होता. पण त्याच सासऱ्यांनी नळ स्वतः दुरुस्त केला होता. संध्याकाळी तो थकून जिना चढायला लागला की पावलं ओळखून ते बेलच्या आधीच दार उघडत. दार उघडून म्हणत काय, तर "जावईबापू, टाच घासून चालता." आता याचा राग धरायचा की गहिवरून यायचं, हे त्याला सहा महिन्यांत कळलं नव्हतं.

यावरून चाललेलं त्याचं पुटपुटणं ऐकून बायकोनेच त्याला ध्यानवर्गाला घातलं होतं. वर्ग लाँड्रीच्या वरच्या खोलीत भरे, त्यामुळे चित्ताच्या शांतीला कायम इस्त्रीचा वास यायचा. शिकवणाऱ्या बाई बुद्धाने सांगितलेलं साधं करून सांगत. श्वासाकडे बघा. राग आला तर 'मी रागावलोय' असं म्हणू नका, 'राग आलाय' म्हणा. पाहुणा आहे तो, बसू द्या, जाईल. पुढे त्या म्हणाल्या होत्या, "आपल्या आत एक माणूस नसतो, बरेच असतात. कुणाला हाकलू नका. घरी प्रत्येकासाठी एक खुर्ची मांडा, डोळे मिटून एकेकाला विचारा, बाबा रे, तुला काय हवंय? आणि मधली खुर्ची रिकामी ठेवा. सगळ्यांचं ऐकून झालं, मन निवलं, की तिथे तुम्ही बसा. आणखी एक, कुणी काही विचारलं तर उत्तराआधी तीन श्वास घ्यायचे. संथ."

त्याने दुपारी दुकान बंद ठेवलं. साडेपाचला सासरे फिरायला गेलेले पाहून तो कामाला लागला. आतली माणसं त्याने मोजली: चिडका, भित्रा, सगळ्यांना हो म्हणणारा गुणी बाळ, आणि बारीकसारीक गोष्टीत आपला फायदा बघणारा मतलबी. अधिक मधली खुर्ची. घरात होत्या दोन खुर्च्या, त्यातली एक फुलीवाली. उरलेल्या शेजाऱ्यांकडून आणायच्या ठरल्या.

खालच्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या काकू राहत. मशीन थांबवून त्यांनी विचारलं, "खुर्च्या? का रे, काय आहे घरी?"

त्याने तीन श्वास घेतले. डोळे अर्धवट मिटून, सावकाश.

काकूंचा चेहरा उतरला. "बाबा बरे आहेत ना?"

खरं उत्तर 'बरे आहेत' एवढंच होतं. पण नियम म्हणजे नियम. पहिला श्वास झाला, दुसरा झाला, आणि तिसऱ्याला इस्त्रीच्या वासाला सरावलेल्या नाकात कापसाचा तंतू जाऊन त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"नको, नको, बोलू नकोस," काकू उठल्याच. "समजले मी. घेऊन जा खुर्च्या. बायकोला कळवलंस?"

"तिनेच तर सगळं माझ्यावर सोडलंय," तो म्हणाला.

"एकट्यावर?" काकूंनी तोंडावर हात ठेवला.

जिन्यात बिल्डिंगचे सेक्रेटरी भेटले. त्यांनी खुर्च्या बघितल्या. "किती लोक येणार आहेत?"

तीन श्वास. "घरचेच आहेत. बाहेरचं कुणी नाही."

सेक्रेटरींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. एरवी हे गृहस्थ पार्किंगवरून त्याच्याशी भांडत. इतका जिव्हाळा कुठून आला ते त्याला कळेना. ध्यानाचा परिणाम समोरच्यावरही होतो, असं बाई म्हणाल्या होत्या खऱ्या. तेच असावं.

खुर्च्या आत न्यायच्या म्हणून दार उघडं टाकलं होतं, ते तसंच राहिलं. त्याने मधे एक खुर्ची मांडली आणि भोवती चार. फुलीवाली डुगडुगती खुर्ची चिडक्याला दिली, तो असाही एका जागी बसत नसे. स्वतः जमिनीवर मांडी घालून भिंतीला टेकला आणि त्याने डोळे मिटले.

सुरुवातीला काहीच झालं नाही. मग एक खुर्ची करकरली. थोड्या वेळाने दुसरी. कुणीतरी उसासा टाकला. त्याच्या अंगावर सरसरून काटा आला. बाई म्हणाल्या होत्या की पहिल्या खेपेला कुणी येत नाही, धीर धरा. आणि इथे तर मंडळी पटापट जमत होती.

डोळे न उघडता त्याने हळूच विचारलं, "आलात?"

"आलो," एक जाड आवाज म्हणाला. "यायलाच हवं."

चिडक्याचा आवाज सेक्रेटरींसारखा निघेल, असं त्याला वाटलं नव्हतं. पण विचार केल्यावर ते पटलं.

"तुम्हाला काय हवंय?"

"आम्हाला काही नको रे," एक बायकी आवाज म्हणाला. हा भित्रा असणार. "तू आधी पाणी पी."

"मला त्यांचा राग येतो," त्याने सांगून टाकलं.

"येतो बाबा. आमचे हे गेले तेव्हा मलाही आलेला," भित्रा म्हणाला. भित्र्याचं लग्न केव्हा झालं, हे त्याला आठवेना.

"निरोप द्यावा की नाही, तेच ठरत नाहीये."

हे ऐकून खोलीत कुजबुज झाली. जाड आवाज समजुतीने म्हणाला, "हे बघा, निरोप आता द्यावाच लागेल. आणि उशीर करून चालत नाही. गाडीचं मी बघतो."

"म्हणजे चिडक्या, तुझं मत पक्कं आहे तर."

"कोण चिडका?" असं विचारत जाड आवाजवाला ताडकन वळला. त्यासरशी कडाड् असा आवाज झाला आणि कुणीतरी दाणकन आपटलं.

त्याने डोळे उघडले. सेक्रेटरी मोडक्या खुर्चीत पाय वर करून पडले होते. समोर काकू पदराने डोळे टिपत होत्या. गुणी बाळाच्या खुर्चीवर वरच्या मजल्यावरचे व्हायोलिन शिकवणारे गृहस्थ हात जोडून बसले होते. भोवतीच्या चारांतली मतलबीची खुर्ची तेवढी रिकामी होती, कारण त्यावर कुणीतरी फुलं ठेवली होती.

"तुम्ही सगळे खरे आहात?" त्याने विचारलं.

"धक्का बसलाय हो त्याला," काकू व्हायोलिनवाल्यांच्या कानात म्हणाल्या.

इतक्यात जिन्यातून धडधडत बायको आली. काकूंनी तिच्या दवाखान्यात फोन करून "लवकर ये, बाबांचं..." एवढंच सांगितलं होतं आणि पुढे त्यांच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. एक्स-रेच्या खोलीतला तो शिशाचा जड एप्रन तिच्या अंगावर तसाच होता आणि धापा टाकत ती दाराला धरून उभी होती. "कुठायत बाबा?"

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. त्याने सवयीने श्वास घ्यायला सुरुवात केली.

"श्वास नंतर घ्या!" बायको ओरडली. "बाबा कुठायत?"

"फिरायला गेलेत," तो एका दमात म्हणाला.

काकूंचा पदर डोळ्यांपाशीच थांबला. तेवढ्यात जिन्यात काठीची टकटक ऐकू आली आणि सासरे दारात उभे राहिले. त्यांनी एप्रनमधली लेक बघितली, फुलं बघितली, जमिनीवरचे सेक्रेटरी बघितले. मग ते म्हणाले, "त्या खुर्चीवर मी फुली मारली होती. पण इथे बघतं कोण?"

बायकोने जाऊन त्यांना मिठी मारली. एप्रनसकट. "अगं, हे काय घातलंस? कोण गेलं?" म्हाताऱ्याने विचारलं.

"तुम्ही," काकूंच्या तोंडून निघून गेलं.

मग जे व्हायचं ते झालं. सगळे एकदम बोलले, त्याने खुलासा केला, खुलाशाने गोंधळ वाढला. व्हायोलिनवाले "फारच छान, फारच छान" म्हणत आपली फुलं उचलून पळाले. सेक्रेटरींनी जाताना पार्किंगचा विषय काढला. काकू मात्र दारात थांबून म्हणाल्या, "भित्र्याच्या खुर्चीवर मला बसवलंस होय रे? खुर्च्या उद्या आण." आणि त्या खाली गेल्या.

सासरे काठी टेकत खुर्च्यांभोवती एक फेरी मारून आले. कारखान्यात गाडीभोवती अशीच मारत असतील. "ही कुणाची म्हणालात?"

"चिडक्याची."

"ही?"

"भित्र्याची. ती गुणी बाळाची. ती मतलबीची."

"आणि हे सगळे तुम्हीच?"

"हो."

"यातली माझी कुठली?"

त्याने मान खाली घातली. इथे श्वास घेऊनही काही सुचलं नसतं. "तुमची नाही, बाबा. तुम्ही राहावं की जावं, हे ठरवायला यांना बोलावलं होतं."

म्हाताऱ्याने काठीने एकेक खुर्ची मोजली. मग रागाने नाही, तपासणीच्याच सुरात म्हणाला, "एवढे सगळे या घरात मावतात जावईबापू, आणि मी एकटाच जास्त होतो?"

बायको खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. तो जवळ सापडेल त्या खुर्चीवर बसला. तेवढ्यात सात वाजले आणि त्याचा फोन वाजला.

"हॅलो," तिकडून मेव्हणे म्हणाले, "काय ठरलं?"

"बाबा राहतायत," तो म्हणाला. इतकं सरळ वाक्य त्याच्या तोंडून सहा महिन्यांत निघालं नव्हतं.

मेव्हण्यांना आवाज ओळखू येईना. "कोण बोलतंय?"

त्याने आजूबाजूला पाहिलं. तो मधल्या खुर्चीवर बसला होता. "ते अजून नक्की नाही," तो म्हणाला. "पण बाबा राहतायत."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो दुकानाला निघाला, तेव्हा सासरे दारापर्यंत आले. "टाच घासू नका," म्हणाले, आणि त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. तसा तो त्यांनी पूर्वी कधी ठेवला नव्हता.

पहिलं गिऱ्हाईक एक वयस्कर गृहस्थ होते. त्यांना चाचणीची चौकट चढवून तो भिंगं घ्यायला वळला, तसे ते म्हणाले, "तुमच्या शर्टावर मागे काहीतरी पांढरं आहे हो. खडूसारखं."

तो जागच्या जागी थिजला. "फुली आहे? नीट बघा."

"धूसर आहे. सांगता येत नाही."

त्याने पाठमोरं राहूनच हात मागे नेऊन त्यांच्या चौकटीत एक भिंग सरकवलं. "हे स्पष्ट?"

"नाही."

"की हे?"

"हां, आता दिसलं. एक छोटी रेघ खाली येते आणि तिथूनच एक लांब रेघ वर जाते. बरोबरची खूण आहे." गृहस्थ जरा थांबले. "माझे डोळे कसे आहेत?"

चष्मेवाला वळला. डोळे भरून आले होते. त्याने एक श्वास घेतला, मग दुसरा, मग तिसरा, अगदी संथ.

"राहू द्या," गृहस्थांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. "बोलू नका. समजलो मी."