न्हाणीवर झुकलेला लिंब

उमादेवींची नवी न्हाणी अजून ओली होती, भिंतींवर रोज पाणी मारणं चालू होतं, आणि परसातला वाळका लिंब नेमका तिच्याकडेच झुकला होता. वादळ आलं की न्हाणी गेली, हे भूममधल्या त्या गल्लीत सगळ्यांना दिसत होतं. म्हणून त्यांचे यजमान, आडत दुकानवाले गौरीशंकर शेटे, झाड स्वतःच पाडायला निघाले. लाकूडतोड्या बोलावला तर मजुरी जाते, वर चहाही पाजावा लागतो. त्यांनी चेनसॉ विकत आणली आणि मोबाइलवर व्हिडिओ बघून एका रविवारात गल्लीचे सुरक्षा अधिकारी झाले.

"अवं, न्हाणीला धक्का लागला तर म्या सोनारीला माहेरी जाईन," उमादेवी म्हणाल्या. "मग भाकरी थापायला तुमच्या मशीनीला सांगा."

"अगं, झाड न्हाणीकडं पडणारच न्हाय! शब्द हाय माझा!" शेटेंनी हे सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं सांगितलं. त्यांच्या शब्दाला आधारही होता. लिंबाला वरून दोर बांधला होता आणि त्याचं टोक शेजारच्या वलीच्या ट्रॅक्टरला. ट्रॅक्टर मोकळ्या जागेत, झाडाच्या उंचीपेक्षा लांब.

शेटेंनी फक्कीची रेघ ओढली आणि गल्लीला रेघेबाहेर उभं केलं. "वाळकं झाड हाय. 'कड्' आवाज आला की पळायचं. मागं बघायचं न्हाय."

"शेट, आन् तुमी?" वलीनं ट्रॅक्टरवरून विचारलं.

"माझी वाट ठरलेली हाय." त्यांनी ती तिरकी वाट पळूनही दाखवली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

एवढ्यात त्यांच्या चुलती गंगम्मा काठी टेकत आल्या. "गौऱ्या, नव्या मशीनीला नारळ फोडलास का?"

"काकू, सुरक्षेत नारळ बसत न्हाय."

"न्हाय कसा? स्कूटर आणलीस तवा फोडलास की!"

शेटेंनी उत्तरादाखल कानावर आवाज अडवणारे मफ चढवले, चष्मा लावला, शिरस्त्राण घातलं. गंगम्मा पुटपुटत मागच्या दारी गेल्या. शेटेंनी हात वर केला. गल्ली चिडीचूप झाली. मशीन जमिनीवर ठेवून, तिच्यावर पाय देऊन, ते ती सुरू करायची दोरी ओढायला वाकले.

कड्!

गल्ली पळाली. कुठं पळावं, हा प्रश्न कुणालाच पडला नाही. झाड जिकडं पडणारच नाही अशी एकच जागा शेटेंनी शब्द देऊन सांगितली होती. अख्खी गल्ली न्हाणीत घुसली. शेटेंना काही ऐकू आलं नव्हतं, पण वाकल्या जागेवरून पळणारे पाय दिसले. तेही ठरल्या वाटेनं, मागं न बघता, थेट एसटी स्टँडपर्यंत गेले.

परतले तेव्हा न्हाणीचं दार आडवं होतं. ओली भिंत आतल्या गर्दीनं बाहेर ढकलली होती, बेसिन फुटलं होतं, नळ उपटून कारंजं उडत होतं. त्यात गल्ली भिजत उभी होती. लिंब जागच्या जागी. मशीन सुरूच झाली नव्हती.

मागच्या दारातून गंगम्मा नारळाच्या दोन वाट्या घेऊन आल्या. "कुणाला लागलं न्हाय न्हवं? बघा, वेळेवर फोडला म्हणून!"

शेटेंनी उमादेवींकडं बघितलं. हळूच मशीन उचलली. "मग... झाड पाडून घेऊ का?"

"राहू द्या की आता," उमादेवी पिशवी भरत म्हणाल्या. "त्यो बिचारा कशावर पडणार हाय?"