चोविसाव्या दिवशीची दिवाळी

यंदाची नरक चतुर्दशी होऊन गेल्यावर चोविसाव्या दिवशी, रविवारी सकाळी सहाला दहा मिनिटं कमी असताना, राहुरीतल्या आमच्या गल्लीत एक सुतळी बॉम्ब फुटला. बॉम्ब तीन वर्षांपूर्वीचा होता. जीवितहानी झाली नाही. समोरच्या घरातलं मांजर दुपारपर्यंत सापडलं नाही. बॉम्ब लावणाऱ्याचं नाव कारभारी शेटे, वय एकाहत्तर, साखर कारखान्यातून निवृत्त झालेले टाइमकीपर. त्यांच्या अंगणात पाटावर, उटण्याची आंघोळ करून उघडा बसलेला दुसरा इसम मी होतो.

कारभारीनाना आमचे शेजारी. मधे एक भिंत आहे. ती उंच नाही, त्यामुळे एकोणीस वर्षांत त्यांच्या घरातलं जे मला कळलं ते बहुतेक विचारावं लागलं नाही. मी एका जिल्हा दैनिकाचा तालुका वार्ताहर आहे. नाना मला नावानं हाक मारत नाहीत, "पत्रकार" म्हणतात. सकाळी दिसलो की पहिला प्रश्न ठरलेला: "कोन्ती पाळी आज?" मला पाळ्या नसतात हे मी सांगून पाहिलं. आता "पहिली" म्हणतो.

नाना सण उशिरा करतात. दसरा चार-पाच दिवसांनी, दिवाळी दोन-तीन आठवड्यांनी. होळी तेवढी वेळेवर असते, कारण लाकडं गल्लीची असतात. का, असं विचारलं की उत्तर एकच: "सण कुठं पळून चाललाय?" ज्या दिवशी सण त्याच दिवशी तो करणाऱ्या लोकांना ते "गर्दीतले" म्हणतात. आम्ही गर्दीतले.

या पद्धतीत बचत आहे हे त्यांनी अनेकदा सिद्ध केलं आहे. दसऱ्याच्या आदल्या दिवशी झेंडूला हात लावता येत नाही. दसरा झाला की तीच फुलं बाजाराबाहेर रस्त्याच्या कडेला ओतलेली असतात. नाना तिसऱ्या दिवशी सायकलला पोतं बांधून जातात. एकदा मी बरोबर होतो. शेवगावकडचा एक फूलवाला आपल्याच ढिगाशेजारी बसून होता. "फुलं न्या, बाबा," तो म्हणाला, "क्रेट तेवढा ठिवा." नानांनी पोतं भरलं आणि सुकलेली फुलं वेगळी काढून त्याला परत दिली. त्यानं ती घेतली. का घेतली, हे दोघांनाही सांगता आलं नसतं.

फटाके ते विकत घेत नाहीत. आमची दिवाळी संपली की सकाळी गल्लीत फिरून न फुटलेले गोळा करतात, पत्र्यावर वाळवतात आणि बिस्किटांच्या डब्यात ठेवतात. डब्यावर "नापास" असं लिहिलेलं आहे. त्यांच्या दिवाळीत या सगळ्यांची फेरपरीक्षा होते. वर उल्लेखलेला सुतळी बॉम्ब तीन वर्षं लागोपाठ नापास झाला होता.

उटणं ज्यूसवाल्याकडच्या संत्र्यांच्या साली वाळवून घरी कुटलेलं. तळणीचं तेल एकदाच काढायचं: आधी शंकरपाळी, मग शेव, मग चकली, आणि तळाला उरलं त्यात चिवड्याची फोडणी. चकली त्यांना जमत नाही. ती सोऱ्यातून बाहेर येतानाच तुटते. दरवर्षी भिंतीवरून एक डबा येतो, त्यात दीड-दोन इंचांचे तुकडे असतात.

"नाना, ही चकली आहे का?" माझी बायको विचारते.

"पोटात जाऊन तुकडंच व्हायचंत ना, ताई? मी निम्मं काम करून दिलं."

सहा वर्षांपूर्वी आमच्या दैनिकाला दिवाळी पुरवणीसाठी एक चौकट हवी होती, "घरच्या घरी, कमी खर्चात दिवाळी". तालुक्यातल्या एखाद्या अनुभवी माणसाकडून दहा सूचना घ्या, असा निरोप आला. मी नानांना सांगितलं. त्यांनी मजकूर आणून दिला तो भाऊबीज होऊन आठव्या दिवशी.

"नाना, पुरवणी छापून लोकांनी त्यावर फराळ पण खाल्ला."

"आमच्या दिवाळीला अजून चार दिवस हायेत. घाई काय?"

मजकूर छापला गेला नाही. कागद माझ्याकडे आहे. फुलस्केपवर, कारखान्याच्या अहवालासारख्या भाषेत, दहाऐवजी अकरा सूचना आहेत. अकरावी अशी: "घरातील सर्व माणसे जमल्याशिवाय दिवाळी करू नये. आधी केल्यास माणसे आल्यावर पुन्हा करावी लागते व खर्च दुप्पट होतो."

ही सूचना मुळात त्यांची नव्हती. त्यांच्या पत्नीची, सिंधूकाकूंची होती.

कारखान्याचा हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो. बॉयलर पेटतो, हंगामी कामगार भरती होतात, प्रत्येकाचं हजेरीचं कार्ड तयार करावं लागतं. टाइम ऑफिसला त्या दिवसांत रजा नाही. नानांनी एकतीस हंगाम केले. एकतीस दिवाळ्यांना ते गेटवर होते. काकूंनी त्यावर उपाय काढला. नानांना साप्ताहिक सुट्टी मिळेपर्यंत त्या घरात दिवाळी होऊ देत नसत. दिवाळीसाठी अंगणात मांडलेल्या शेणाच्या गवळणी पाटीखाली झाकून ठेवायच्या. फराळाचा डबा कपाटाच्या वर. पाडव्याचं औक्षण सुट्टीच्या दिवशी.

त्यांचा एकुलता मुलगा संदीप. तो नऊ वर्षांचा असताना उसाच्या गाड्यांची रांग लागली आणि नानांची सुट्टी लागोपाठ तीनदा रद्द झाली. शेजारची दिवाळी होऊन तिसरा आठवडा लागला होता. संदीपनं कपाटावरून फुलबाज्यांची पेटी काढली आणि घरामागे जाऊन एकट्यानं एक पेटवली. काकूंनी त्याच्या थोबाडीत मारली. "नाना आल्याबिगर दिवाळी न्हाई," एवढंच म्हणाल्या. त्यांनी त्याला आयुष्यात तेवढंच एकदा मारलं. हे मला काकूंनीच सांगितलं होतं, भिंतीपलीकडून, शेंगा निवडताना.

काकू चार वर्षांपूर्वी गेल्या. संदीप त्याआधीच पुण्यात नोकरीला लागला, मग बंगळूरला गेला. लग्न झालं, मुलगी झाली. सणाला त्याला सुट्टी मिळत नाही, किंवा मिळते ती सासरकडे जाते. हंगाम संपला, टाइमकीपर निवृत्त झाले, पण घराची दिवाळी पूर्वीसारखीच थांबून राहिली. आता ती संदीपसाठी थांबते. याला बचत म्हणायचं हे नानांनी नंतर ठरवलं असावं. याला पुरावा नाही.

मागच्या तीन वर्षांत संदीप एकदा आला, दीड दिवस. त्या वर्षी नानांनी चार दिवसांची दिवाळी त्या दीड दिवसात बसवली. वसुबारस शनिवारी दुपारी दोनला झाली, लक्ष्मीपूजन पाचला. नात झोपली होती, तिला उठवून औक्षण केलं.

यंदा संदीपनं आधी दहाव्या दिवशीचा रविवार सांगितला. नानांनी कारीट आणून गव्हाच्या डब्यात ठेवलं. मग सतराव्या दिवशीचा सांगितला. शंकरपाळी एकदा परत ऊन दाखवून झाली. मग चोविसाव्याचा.

शनिवारी संध्याकाळी फोन आला. नाना फोन स्पीकरवर ठेवून बोलतात, कानाला लावला की कान गरम होतो म्हणतात. त्यामुळे पुढचं संभाषण ऐकीव नाही, मी स्वतः ऐकलेलं आहे.

"नाना, या वेळीपण नाही जमत. कामाचं फार आहे."

"बरं. मग फुडच्या रविवारी."

"नाना, तुम्ही करून घ्या ना. आमची वाट बघत बसू नका. इथे सोसायटीत झाली आमची दिवाळी."



"झाली?"

"हो. छान झाली."

"पोरीनं फुलबाज्या उडवल्या का?"

"उडवल्या की."

"बरं झालं. थांब, हितं नळाला पानी आलंय, ठिवतो."

फोन बंद झाला. शनिवारी आमच्या गल्लीत पाण्याचा दिवस नसतो.

रविवारी सकाळी साडेपाचला दारावर थाप पडली. बाहेर नाना, हातात वाटी.

"उठा, पत्रकार. आंघोळ."

"कुणाची?"

"तुमची. स्वतःच्या पाठीला स्वतः उटनं लावता येत न्हाई, आन् लावायला दुसरं कोन हाय? चला. लेट मार्क लागंल."

माझी बायको आतून म्हणाली, "जा. पाणी आपलं वाचेल." ती एवढ्या वर्षांत बरंच शिकली आहे.

थंडी होती. मी पाटावर बसलो. नानांनी आधी माझ्या डोक्यावर तेल घातलं, मग पाठीला उटणं लावलं. हात खरखरीत, जोर बेताचा. संत्र्याच्या सालीचे कण नीट कुटलेले नव्हते.

"पाठ संदीपवानीच हाय. पसरट."

"असेल."

"त्याला एकदा मार बसला. माझ्यामुळं. तुमाला माहीत हाय?"

"काकूंनी सांगितलं होतं."

"मला तिनं सांगितलं न्हाई. मला त्यानं सांगितलं, लग्नाच्या दिवशी. हसत सांगितलं." त्यांनी तांब्या भरला. "हसत सांगितलं, पन गालाला हात लावून."

मग त्यांनी पाणी घातलं. पाणी कढत होतं, मी ओरडलो, ते म्हणाले, "अभ्यंग हाय हे." कारीट पायाखाली ठेवायला आणलं तर गव्हात राहून ते सुकून गेलं होतं. मी टाच मारली. फुटलं नाही, सुरकुतलं. "चालतंय," नाना म्हणाले. त्यानंतर त्यांनी "नापास" डबा आणला आणि सुतळी बॉम्ब अंगणाच्या मधोमध ठेवला. दोघांचीही अपेक्षा नव्हती. आवाज झाल्यावर नाना थोडा वेळ बॉम्बच्या जागेकडे बघत उभे राहिले.

"पास झाला," ते म्हणाले. "आन् बघाया पोरगं न्हाई."

त्या दिवशी त्यांनी चकलीचे सगळे तुकडे आमच्याकडे पाठवले. स्वतःसाठी ठेवले नाहीत, असं डब्याच्या वजनावरून वाटलं.

दुसऱ्या दिवशी कंदिलाचा बल्ब गेला म्हणून त्यांनी मला स्टूल धरायला बोलावलं. कंदील त्यांनी निवृत्तीच्या वर्षी स्वतः केला आहे. बांबूच्या काड्या, आणि कागदाच्या जागी कारखान्याची जुनी हजेरी कार्डं. अंगठ्याचं यंत्र आल्यावर ही कार्डं रद्दीत निघाली होती. प्रत्येक कार्डावर महिन्याच्या तारखांची घरं, आणि हजर असलेल्या दिवसाच्या घरात पंचनं पाडलेलं गोल भोक. रात्री उजेड त्या भोकांतून बाहेर येतो आणि भिंतीवर ठिपके पडतात. गल्लीतल्या लोकांना तो कंदील आवडतो.

मी तो पहिल्यांदाच हातात घेतला. सहा बाजू, प्रत्येक बाजूला पाच कार्डं, तळाला एक. एकतीस. सगळ्यांवर नाव एकच होतं: का. तु. शेटे, टाइम ऑफिस. महिना ऑक्टोबर किंवा नोव्हेंबर. मोबाईलवर जुनी पंचांगं काढून मी सहा कार्डं तपासली. सहाही वर्षी दिवाळीच्या चारही तारखांना भोक होतं. उरलेली पंचवीस तपासली नाहीत.

"काय वाचताय?" नाना स्टुलावरून म्हणाले. "बल्ब द्या."

मी बल्ब दिला. नवा होता, दुकानातला, खोक्यासकट.

संक्रांतीला मी तिळगूळ घेऊन गेलो. कंदील जागेवर होता आणि दिवसाढवळ्या लागलेला होता.

"नाना, तुमची दिवाळी झाली की."

"आमची झाली. त्याची व्हायचीय."

"त्याची तिकडे झाली ना?"

"ती सोसायटीची. घरची व्हायचीय. फेब्रुवारीत येतो म्हनंल."

"तसं म्हणाला का?"

"म्हनंल."

मी त्यांना अकराव्या सूचनेची आठवण करून दिली. पुन्हा केली तर खर्च दुप्पट होतो, हे त्यांनीच लिहून दिलं होतं.

"व्हऊ दे," नाना म्हणाले. त्यांनी तिळगूळ तोंडात टाकला आणि दुसरा खिशात ठेवला.

त्यानंतरच्या सोमवारी ते बाजारातून चकलीची तयार भाजणी, तेलाचा नवा डबा आणि फुलबाज्यांची एक पेटी घेऊन आले. तिन्ही वस्तू चालू भावानं घेतल्या, हे दुकानदाराकडून कळलं. पेटी कपाटाच्या वर ठेवली आहे. हे लिहीपर्यंत संदीपचा फोन आलेला नाही. कंदील उतरवलेला नाही.