खळबळीचा पुरावा

"एका इमारतीच्या पाण्याच्या टाकीचं झाकण वाऱ्याने पडलं. कोणाला लागलं?" संपादकांनी विचारलं.

"नाही, साहेब."

"मग 'परिसरात खळबळ' कशाला लिहिलंस?"

अकरा वर्षांत वार्ताहराची एकही बातमी खळबळीशिवाय गेली नव्हती. मांजर गच्चीवर अडकलं, खळबळ. मांजर आपलं आपण खाली उतरलं, तरी खळबळ! आमटीत मीठ पडतं तसा तो शब्द त्याच्या हातून पडायचाच.

"पाच वाजेपर्यंत त्या इमारतीतल्या खळबळ उडालेल्या तीन माणसांच्या सह्या आण. नाहीतर उद्यापासून शहराचं पान सोड आणि निधनवार्ता घे."

शहराचं पान म्हणजे त्याचा जीव की प्राण. वही काखेत मारून तो धावत सुटला.

"मामा, झाकण पडलं तेव्हा खळबळ उडाली ना?" त्याने फाटकावरच्या पहारेकऱ्याला विचारलं.

"कसली खळबळ? उचललं न् परत बसवलं. चहा घेता?"

पहिल्या मजल्यावर एक काकू कपडे वाळत घालत होत्या.

"काकू, झाकणाचं कळल्यावर धस्स झालं असेल ना?"

"कुठलं झाकण?"

"पाण्याच्या टाकीचं. सकाळी उघडी होती ना!"

काकूंच्या हातातला टॉवेल गळून पडला. "अगं बाई! आत काही पडलं का?"

"तसं नाही हो, मी आपलं सहज विचारतोय…"

"असं कोणी सहज विचारतं होय? अहो, ऐकलंत का, पाणी पिऊ नका!"

मग काय विचारता! काकूंच्या 'अहों'नी तोंडातला घोट बेसिनमध्ये थुंकला. दुसऱ्या मजल्यावर कळलं की टाकीत कबूतर पडलंय, तिसऱ्यावर पोचेपर्यंत त्याची घूस झाली. बादल्या ओतल्या गेल्या, जिन्यावरून पाणी वाहू लागलं. एक आजोबा डॉक्टरांना फोनवर सांगत होते, "दोन पेले प्यालोय हो, पण तेव्हा बरं वाटत होतं!"

वार्ताहराचा आनंद गगनात मावेना. इतकी वर्षं जिच्याबद्दल लिहिलं, ती खळबळ आज तो प्रथमच डोळ्यांनी बघत होता!

"सह्या करा! पेपरात छापतो!" तो फाटकापाशी उभा राहून ओरडला. चौथ्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिकांनी वही ओढून घेतली आणि त्या वर गेल्या. तोवर पहारेकरीमामा टाकीत डोकावून आले होते. पाणी स्वच्छ होतं.

वही परत आली ती त्रेचाळीस सह्या घेऊन. त्याने देवाचे आभार मानले आणि न वाचताच कचेरी गाठली. पाचला पाच मिनिटं कमी होती.

संपादकांनी सह्या मोजल्या. मग वरचा मजकूर मोठ्याने वाचला, "पाण्याबद्दल खोटी आवई उठवून इमारतीत खळबळ माजवणाऱ्या अनोळखी इसमाचा ताबडतोब शोध घ्यावा."

वार्ताहराने वही हळूच आपल्याकडे ओढली.

"शाबास! याला म्हणतात पुरावा," संपादक खुर्चीतून उठलेच. "शहराचं पान तुझंच. पहिल्या पानावर घेऊ, आणि त्या इसमाचा शोधही तूच लाव. त्याचं वर्णन मिळालं का?"

"म… मिळालं, साहेब."

"मग लिही की!"

बुटक्या वार्ताहराने टकलावरचा घाम पुसला आणि लिहायला घेतलं, 'सहा फूट उंच, दाट कुरळे केस…'