बारा खोल

“आजपासून या कारखान्यात एकही भोक चुकणार नाही!” कारखान्याची ड्रॉइंगं काढणाऱ्या योगराज बोरसे यांनी सकाळीच शेठना छातीठोकपणे सांगितलं.

शेठ हसले नाहीत. गेल्या महिन्यात योगराजनी ड्रॉइंगवर भोकाची खोली दाखवायला खाली तोंड केलेला बाण काढला होता. तो पाहून ड्रिल मशीनवरच्या संदीपने माल उलटा ठेवला आणि सगळी भोकं भलत्याच अंगाला पाडली! तेव्हा शेठनी बजावलं होतं, “कारीगरला समजेल असं काढा, योगराजभाई. पुन्हा लॉट बिघडला तर तुम्ही घरी.”

बावन्नाव्या वर्षी घरी बसवलं तर दुसरीकडे कोण घेणार? योगराजना आठवडाभर जेवण गोड लागलं नव्हतं. शेवटी त्यांना युक्ती सुचली. सुरतेतल्या या कारखान्यातले निम्मेअधिक लोक खानदेशातले. मग त्या इंग्रजी खुणा हव्यात कशाला? त्यांनी ठसठशीत मराठीत लिहिलं: ‘भोकं आठ. ड्रिल १०. १२ खोल.’

म्हणजे दहाच्या ड्रिलने भोक पाडायचं आणि बारा मिलिमीटर आत गेलं की थांबायचं. ज्या लोखंडी झाकणाला ही भोकं पाडायची, ते वीस मिलिमीटर जाड. त्याच्या खाली तेल, म्हणून भोक आरपार जाता कामा नये. शेंबड्या पोरालाही कळेल!

संदीपने कागद वाचला आणि त्याचा चेहरा उजळला.

“काका, इतकं क्लिअर ड्रॉइंग पहिल्यांदाच पाहिलं!”

“मग! बारा खोल. कळलं ना?”

“एकदम! बारा खोल.”

“जास्त नको हं!”

“बाराच्या वर एक सूतही नाही खोलणार, काका!”

‘खोलणार’ हा शब्द योगराजच्या कानाला जरा खटकला होता. पण इथल्याच बमरोलीत जन्मलेल्या, हिंदी शाळेत शिकलेल्या माणसाचं मराठी असंच असायचं, म्हणून त्यांनी मोठ्या मनाने सोडून दिलं. तिथेच घात झाला.

दुपारी चोवीस झाकणं ओळीने मांडलेली होती. शेठनी पहिलं झाकण उचलून त्याच्या भोकात बिनडोक्याचा बोल्ट टाकला. बोल्ट दिसेनासा झाला आणि खाली शेठच्या चपलेवर पडला.

“संदीप! हे आरपार कसं?”

“आरपारच पाडलं, शेठ. आधी दहाने मारलं, मग बाराने खोललं. लिहिलंय ना, बारा खोल!”

“अरे, खोल म्हणजे आत किती!” योगराज किंचाळले.

“खोल म्हणजे मोठं कर! मशीनवर सगळे तेच म्हणतात, भोक खोल.”

“विहीर खोल असते, गाढवा! भोक मोठं करतात, दार उघडतात! मराठी माणूस कधी काही खोलतो का?”

संदीपने कागद पुन्हा डोळ्यांसमोर धरला. त्याने एकशे ब्याण्णव भोकं अगदी मन लावून पाडली होती. एकही सूतभर चुकलं नव्हतं.

शेठनी बोल्ट उचलून टेबलावर ठेवला. “सोमवारथी तमे नहीं आवता, योगराजभाई.”

सोमवारपासून येऊ नका! या वाक्याचे मात्र कुणालाही दोन अर्थ लागले नाहीत.

योगराज डबा तसाच घेऊन बमरोलीच्या वाटेला लागले. वाटेत त्यांच्या मनात संदीपशी भांडण चालूच होतं. काय दिवस आले! नोकरी गेली ती गेली, तीही आपल्याच भाषेपायी! या सुरतेत राहून पोरांची जीभ पार नासली. आपण तेवढे शुद्ध राहिलो आणि आपल्यालाच शिक्षा! त्यांचे डोळे भरून आले.

खोलीचं दार बंद होतं. त्यांनी कडी वाजवली.

“सोनाली! अगं, दार खोल!”

लेकीने लगेच दार उघडलं. ते वेळेआधीच आलेले पाहून आतून त्यांच्या बायकोने, मंगलाबाईंनी, अहिराणीत विचारलं, “आज इतला लवकर उनात? काय व्हयनं?”

योगराज उंबऱ्यातच मटकन बसले.

“काही नाही,” ते म्हणाले. “संदीपचं बरोबर होतं.”