व्याह्यांचे धबधबा-दर्शनाची हकिकत

श्री जलदेवता प्रसन्न. अन्नपूर्णा तिजहून अंमळ अधिक प्रसन्न. शके एकोणीसशे सेहेचाळीस, श्रावण शुद्ध सप्तमी, आदित्यवार, ते दिवशी घोसाळकरांचे राज्याचे अधिपती बाबूराव यांणी व्याही मुकुंदराव सबनीस यांस धबधबा दाखवावा ऐसी मसलत केली. मुकुंदराव भूगोलाचे मास्तर. छत्तीस वर्षे फळ्यावर धबधबे काढिले, परंतु खरा एकही डोळां पाहिला नव्हता, सबब जीव टांगणीस लागला होता. मग दोन गाड्या भरोन स्वारी निघाली आणि दुपारी सहलस्थळी दाखल जाहली. फाटकावर फलक होता की पाचास स्थळ रिकामे करावे. धबधबा झाडीआड दोनशे पावलांवर गर्जत होता. मुकुंदराव तिकडे वळले तों विहीणबाई द्वारकाबाई आडव्या आल्या आणि बोलिल्या, "उपाशीपोटी कसला धबधबा, भाऊसाहेब? दोन घास खाऊन घ्या. तो काय पळून जातोय?"

मग सतरंज्या पडल्या आणि पंगत बसली आणि पुरणपोळीचा मारा सुरू जाहला. मुकुंदराव "नको" म्हणत ते खरेच नको होते. परंतु व्याह्याचे "नको" म्हणजे निव्वळ संकोच, ऐसे त्या राज्याचे ठाम मत, म्हणोन दर "नको"स एक पोळी पडे. हात आडवा धरिला तर हातावर तूप! मधेच उठावे तर पंगत मोडली म्हणोन लेक कुमुद सासरी बोलणी खाईल, हे जाणोन बापडे गिळीत राहिले. साडेचार वाजले आणि मास्तरांचे डोळ्यांस पाणी आले. द्वारकाबाई कळवळोन बोलिल्या, "अगंबाई, आमटी झोंबली! कुमुद, बाबांना पोळी वाढ!"

इतक्यात पहारेकरी गणू भोईर शिट्टी फुंकीत आला, "चला, आवरा, फाटक लावायचंय!" बाबूराव पुसते जाहले, "अरे, तू जेवलास का?" गणू म्हणाला, "नको, साहेब." झाले! त्यास धरोन पानावर बसविला आणि अवघी फौज त्याजवर लोटली. ती संधी साधोन मास्तर उठले आणि तट्ट पोटानिशी धावत सुटले आणि झाडी ओलांडोन उभे राहिले. वरोन पाणी कोसळत होते. "अरे बापरे! केवढा हा!" म्हणोन एकटेच हसले आणि लेकरासारखे रडले आणि नखशिखांत भिजोन परतले.

द्वारकाबाई बोलिल्या, "इश्श, भिजलात की! कुठं गेला होतात?"

"हात धुवायला," मास्तर वदले.

"धुतलेत? अहो, अजून भात यायचाय! बसा!"

येणेप्रमाणे धबधबा एकाने पाहिला, बाकी राज्याने जेवता जेवता ऐकिला. फाटक साडेसहास लागले. तेंही जेवणाने पहारेकऱ्यास खालच्या कडीपावेतों वाकवेना, सबब मास्तरांनी लाविले.