पुंजाकाकांची उलटी दोरी

चि. मालती आणि चि. वसंत यांस,

तुमचे पत्र पोहोचले. तुम्ही दोघे तिकडे विलायतेत सायकलींवरून नदीच्या खोऱ्याने निघालात, तिसऱ्या दिवशी समुद्र गाठलात आणि सोबत छापील वाटपुस्तक होते, हे वाचून आनंद झाला. त्या पुस्तकात ‘पूल ओलांडल्यावर नदी डाव्या हाताला ठेवा, पुढच्या वळणावर चहा बरा मिळतो’ असे लिहिलेले असते म्हणता. ते वाचून मात्र मी चष्मा काढून हसले. ही विद्या विलायतेत जन्मली असे तुम्हाला वाटत असेल. ती आमच्या पूर्णेच्या काठी, शेजारच्या ओट्यावर, मी नऊ वर्षांची असताना जोरात चालू होती. फक्त ती उलटी होती. हे आठवणारे आता माझ्याशिवाय कोणी राहिले नाही, म्हणून लिहून पाठवते.

शेजाऱ्यांचे नाव पुंजाजी. मी त्यांना पुंजाकाका म्हणे. न विचारता वाट सांगणे हा त्यांचा रोग होता. गावात कोणी वारले, चौघांनी खांदा दिला, की काका ओट्यावरून ओरडत, “नदी उजव्या हाताले ठेवा! बाभयीपासून वळा!” ज्या स्मशानात खांदेकऱ्यांचे आजे-पणजे गेले, तिथली वाट! एकदा एक खांदेकरी वैतागून म्हणाला, “पुंजाजीबुवा, आमाले माहीत हाये. याले सांगा पुढची.” काका खरोखर विचारात पडले.

घरातही तेच. जेवताना मीठ लागले तर सुभद्राकाकींना सांगत, “चुलीपासून दोन हात उगवतीले जा, शिंकं डाव्या हाताले ठेव, कोनाड्यात हाये.”

“अन् थे तेथी ठेवलं कोनं?” काकी विचारत. “म्याच ना?”

इतके सांगणारा माणूस स्वतः किती हिंडला असेल? एकदा बाळापूरपर्यंत. बाजाराला म्हणून गेले आणि किल्ल्यामागच्या गल्लीत चुकले. वांगी विकून परतणाऱ्या एका माळ्याने त्यांना रिकाम्या टोपल्यांसोबत गाडीत बसवून घरी आणून सोडले. गाडीतून उतरता उतरता त्यांनी त्या माळ्याला त्याच्याच गावची वाट सांगितली.

आता त्या दिवसांबद्दल. अमेरिकेत लढाई जुंपली होती, विलायतेच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि आमच्या काळ्या मातीतल्या बोंडाला एकाएकी असा भाव आला की माणसे बहकली. ज्यांनी जन्मात छत्री पाहिली नव्हती ते छत्री विकत घेऊन निंबाच्या सावलीत उघडून बसू लागले. शेतातली ज्वारी गेली, जिकडे तिकडे कापूस. मग त्याच छत्रीखाली बसून ज्वारी केवढी महागली म्हणून रडायचे. अकोल्याला तेव्हा आगगाडी आली नव्हती. गाड्यांचे तांडे पूर्णेच्या खोऱ्याने मावळतीकडे जात, पुढे तापीच्या काठाने थेट सुरतेच्या समुद्रापर्यंत, आणि दोन-अडीच महिन्यांनी परत येत.

पुंजाकाकांचा धाकटा भाऊ किसन असाच एका पौषात दोन गाड्या भरून गेला. आईबाप लहानपणी गेलेले, काकांनीच त्याला वाढवला होता. ज्वारी मोडून सगळा कापूस लावायचा, आणि तो व्यापाऱ्याला न देता स्वतः समुद्रावर नेऊन विकायचा, हा त्याचा हट्ट. काकांचा विरोध. दोघे साऱ्या गल्लीदेखत भांडले आणि किसन गेला. चैत्रात बाकीच्या गाड्या आल्या, किसन आला नाही. गाड्या-बैल तिकडेच विकून तो धक्क्यावर कामाला लागला, असे एकाने सांगितले. दुसऱ्याने त्याला कोट घातलेला पाहिला होता. पुढे घरात किसनचे नाव निघाले की काका उठून बैलांना पाणी दाखवायला जात. त्या घरचे बैल कधी तहानलेले राहिले नाहीत.

त्यानंतरच्या हंगामापासून काकांची खरी विद्या सुरू झाली. समुद्रावरून परतणारा एकही गाडीवान ते सोडीनात. भाकर खाऊ घालत आणि खोदून खोदून विचारत. “मुक्काम कुठी केला? पाणी कसं? गोडं का खारं?” हा प्रश्न वेडेपणाचा नव्हता. आमच्या खोऱ्यातल्या विहिरी खाऱ्या. परक्या माणसाने भलत्या विहिरीचे पाणी पाजले तर त्याचे बैल पोट बिघडून रस्त्यातच बसतात. गाडीवानांना वाचता येत नव्हते आणि काकांना लिहिता. म्हणून काकांनी वाट सुताच्या दोरीत बांधली. नदीच्या उताराला मोठी गाठ, मुक्कामाला लहान, आणि पाणी गोडे असेल तिथे निळी चिंधी. गावातून निघणाऱ्या प्रत्येक गाडीला ते एक दोरी देत. देताना “नदी उजव्या हाताले” हे ठरलेले, आणि मग गाडीवानाच्या कानाशी लागून आणखी काहीतरी. तो मंत्र असावा अशी आम्हा मुलांची खात्री होती.

दोरीत खोट एकच होती. ती समुद्रापासून सुरू होई. धरायला जिथे फास ठेवलेला, तिथली पहिली गाठ समुद्राची. आमचे गाव शेवटी, मुठीएवढ्या मोठ्या गाठीचे. आणि आमच्या काठाने समुद्राकडे जाताना पूर्णा उजव्या नव्हे, डाव्या हाताला राहते!

रहिमतभाई नावाचे अकोटचे एक गाडीवान होते. झोपाळू माणूस, आणि पहिलीच खेप. त्यांनी काकांच्या शब्दावर नदी उजव्या हाताला ठेवली, बैल हाकले आणि ताणून दिली. चौथ्या दिवशी ते ओट्यासमोर उभे.

“दर्याले निघालो होतो ना बाप्पा! डोये उघडून पाहातो तं समोर सातपुडा! सेमाडोहचा एक मानूस मले इचारते, भाई, इकडं कापूस कोन घेते, वाघ?”

सारी गल्ली हसली. काका शांतपणे म्हणाले, “दोरी नाई चुकली. तुमी भलत्या टोकानं धरली.”

तेव्हापासून गाडीवान दोरी मुकाट्याने घेत आणि गावाबाहेर पडताच तिने पाण्याची घागर बांधत. मी ते स्वतः पाहिले होते. काकांनीही पाहिले असणार. तरी पुढच्या गाडीला पुढची दोरी तयार.

मला लहानपणापासून वाकडी वस्तू पाहवत नाही. एका दुपारी मी ओट्यावरची दोरी घेतली, सगळ्या गाठी सोडल्या आणि आमच्या गावापासून सुरू करून नीट क्रमाने पुन्हा बांधल्या. पहिली गाठ आमची, शेवटची समुद्राची. शाबासकीच्या आशेने ती काकांच्या हातात दिली. त्यांची बोटे पहिल्याच गाठीवर थांबली.

“कोनं सोडल्या?”

“मी. आता सरळ झाली, काका. आपल्या गावापासून निघते.”

मार बसेल असे मला वाटले. ते ओट्याच्या कडेला बसले आणि म्हणाले, “पोरी, जानाऱ्याले वाट काहून लागते? जानारा कसाबी जाते. ज्याले परत याचं हाये, त्यानं काय धरावं?”

मग त्यांनी मला शेजारी बसवले आणि आम्ही दोघांनी ती दोरी पुन्हा उलटी केली. दिवे लागेपर्यंत पुरले. तेवढ्या वेळात त्यांनी कोणालाही वाट सांगितली नाही. समोरून एक लग्नाचे वऱ्हाड गेले, तरीही नाही.

दुसऱ्या दिवशी पाण्याला जाताना काकींनी मला उरलेले सांगितले. “भांडनात याइच्या तोंडातून गेलं, ‘जा, अन् परतीची वाट मले इचारू नको.’ त्यानं इचारली नाई.” घागर डोक्यावर चढवून त्या पुढे म्हणाल्या, “गाडीवानाच्या कानात काय सांगतेत, माहीत हाये? समुद्रावर आमचा किसन भेटला तं दोरी त्याले द्या. इचारावं नाई लागनार.”

पुढे अकोल्याला आगगाडी आली आणि गाड्या स्टेशनापलीकडे जाईनाशा झाल्या. काका एकदा तिथवर गेले. कोणत्या ठेसनावर पाणी गोडे, हे स्टेशनमास्तरांना विचारले आणि हाकलले गेले. मग त्यांनी दोरी गार्डाला दिली. गार्डाने तीत शिट्टी ओवून गळ्यात घातली. त्याआधीच तिकडची लढाई मिटली होती, भाव पडला होता, छत्र्या मोडीत गेल्या होत्या. माझे लग्न होऊन मी अमरावतीला आले. तुमच्या आजोबांनी मला इंग्रजी शिकवले, तेव्हा नकाशात मी पहिल्यांदा सुरत शोधली. आमच्या गावापासून ती वीतभरसुद्धा नव्हती. किसन आला नाही. एखादी दोरी त्याच्यापर्यंत पोहोचली की सगळ्या घागरींनाच लागल्या, हे कोणाला कळले नाही. काका ओट्यावरच गेले. त्या दिवशी खांदेकऱ्यांना वाट सांगायला कोणी नव्हते, आणि ते बाभळीपाशी थोडे घुटमळले म्हणतात.

आम्ही दोघांनी बांधलेली दोरी काकांनी गाडीला दिली नाही. माझ्या गाठी सैल आहेत म्हणून ती मलाच ठेवायला सांगितली. ती माझ्या पत्र्याच्या पेटीत आहे. फासाकडच्या दोन गाठी उंदराने खाल्ल्या, म्हणजे समुद्र आणि त्यानंतरचा मुक्काम गेला. निळ्या चिंध्या विटून पांढऱ्या झाल्या आहेत. शेवटची मोठी गाठ, घरची, काकांनी स्वतः बांधली होती. ती अजून घट्ट आहे.